रातपाळी आणि सर्पगंधा

झोपेच्या औषधावर बोलायला वैद्य सोडून युनियनवाल्याला का उभे केले, असे कोणी विचारील. बारा तासांच्या रातपाळीनंतर पत्र्याच्या खोलीत दिवसा डोळा लागत नाही, ही तक्रार आमच्याकडे पगाराच्या तक्रारीइतकीच येते. आमच्या गावच्या यंत्रमागांवर बिहारकडची माणसे पुष्कळ. त्यांतल्या एकाच्या गाठोड्यात आम्ही ती मुळी प्रथम पाहिली. वेडीवाकडी, आणि जिभेला लावताच कडू जहर. तिला तो ‘पागल की दवा’ म्हणे.

मग नगर वाचनालयात बसून आम्ही तिचा इतिहास धुंडाळला. सर्पगंधा हे गुडघा-मांडीइतक्या उंचीचे झुडूप. सापविंचवाच्या विषावर ती जुन्या काळापासून देत आले. बिहारात मात्र वेडाच्या झटक्यावर ती वापरीत, आणि गोरगरीब पोरांना निजवायलाही देत, असे लिहिलेले आढळते. १९३१ साली दिल्लीच्या तिब्बिया कॉलेजात सलीमुझ्झमां सिद्दिकी यांनी मुळीतील द्रव्ये वेगळी केली व एकाला हकीम अजमल खानांवरून ‘अजमलीन’ हे नाव दिले. त्याच साली गणनाथ सेन व कार्तिकचंद्र बोस यांनी छापून सांगितले की, ही मुळी झोप आणते आणि रक्तदाबही उतरवते. विलायतेने तिकडे फारसे लक्ष दिले नाही. १९४९ साली मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी रक्तदाबाच्या रोग्यांवरील आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये मांडला, तेव्हा कुठे ती जागी झाली. १९५२ साली स्वित्झर्लंडात बाझल येथे सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी मुळीतून रेसर्पिन काढले, आणि दोनच वर्षांत अमेरिकेतल्या वेड्यांच्या इस्पितळांत ते देऊ लागले. वकिलांचे काम मोठेच. पण ज्या आयाबायांनी ही मुळी आधी ओळखली, त्यांचे नाव कोणत्याच कागदावर नाही. कामगारांच्या इतिहासातही आम्हांला हेच दिसते.

पुढे रेसर्पिन घेणाऱ्यांपैकी काहींना भोवळ येते, काहींना उदासी घेरते, असे ध्यानात आले. ही बाजू आम्हांला पुस्तकाआधी कळली होती. आमचा तो गडी रोज सकाळी चूर्णाची फक्की मारी, आणि झोप येईना तशी फक्की वाढवी. एका रात्री तो मागाजवळच कोसळला. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला तो फारच उतरलेला. मालक म्हणाले, नशा करून आला होता, हिशेब करून टाका. आम्ही डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन तीनदा कारखान्यात गेलो. माणूस झोपेसाठी मुळी खातो, ही नशा कशी, हे समजावण्यात दोन आठवडे गेले. (मालकांच्या टेबलावर झोपेच्या गोळ्यांची बाटली होती, हे आम्ही त्या वेळी बोललो नाही.) अखेर त्याला कामावर घेतले.

ती पुरचुंडी त्याने आमच्या स्वाधीन केली. ती युनियनच्या कपाटात आहे. पाळी आठ तासांची व्हावी, हा आमचा अर्जही त्याच कपाटात आहे, त्याला अजून उत्तर आलेले नाही.