निम्मी वायरिंग लोखंडाची: जुन्या पिकअपच्या दिव्यांचा इतिहास

(१) १९५५ सालच्या फोर्ड एफ-१०० पिकअपचा मागचा दिवा मंद जळतो आहे असे समजा. बल्ब नवा, फ्यूज शाबूत, तार अखंड. मग दोष कुठे? बहुधा वायरिंगच्या त्या निम्म्या भागात, जो वायरिंग म्हणून कुणाच्या नजरेत भरतच नाही. आजचा थ्रेड त्याविषयी.

(२) विजेला जाण्यास वाट लागते, तशीच परतण्यासही लागते. १८३८ साली जर्मनीत कार्ल ऑगस्ट फॉन श्टाइनहाइल हे न्युरेंबर्ग-फ्युर्ट लोहमार्गाच्या रुळांचाच तारेसारखा उपयोग करू पाहत होते. तो बेत फसला. परंतु खुद्द जमीनच परतीची वाट होऊ शकते, हे त्यांना उमगले. तारायंत्राची एक तार वाचली.

(३) मोटारीतही पुढे हीच काटकसर रूढ झाली. बॅटरीचे एक टोक चासीला जोडले, की दिव्यापर्यंत एकच तार पुरे. परतीचे काम लोखंड करते. रबरी टायरांवरच्या गाडीचा जमिनीशी संबंध नसतो, तरी नाव मात्र तारायंत्राच्या काळातलेच राहिले. ‘बॉडीला अर्थ मिळत नाही’ असे आपल्याकडचे मेकॅनिक म्हणतात, त्यातला ‘अर्थ’ तो हाच.

(४) आरंभी वाहनांत विजेचे काम थोडे होते. फोर्डच्या मॉडेल टी गाडीला १९१५पासून विजेचे हेडलाइट आले. त्यांना वीज मिळे ती इंजिनच्या मॅग्नेटोकडून. त्यामुळे इंजिनची गती मंदावली की दिवेही मंदावत. दरम्यान १९१२च्या कॅडिलॅकमध्ये चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर आला होता. बॅटरी आणि जनित्र हळूहळू वाहनाचे अविभाज्य अंग बनले.

(५) १९२५ साली फोर्डने मॉडेल टीवर कारखान्यातच बांधलेला पिकअप विक्रीस आणला. पिकअपची रचना अर्थसाठी अडचणीची असते. केबिन वेगळी, हौदा वेगळा, दोन्ही चासीवर बोल्टांनी कसलेले. पुढील काळात केबिन आणि इंजिन यांच्याखाली रबरी गाद्याही आल्या. म्हणजे परतीची वाट काही बोल्टांवर आणि अर्थ-पट्ट्यांवर अवलंबून. तिथे गंज चढला, की तार न तुटताही मंडल तुटते.

(६) यात व्होल्टेजचा प्रश्न महत्त्वाचा. १९५५पर्यंत फोर्डचे पिकअप ६ व्होल्टचे होते; १९५६पासून १२ व्होल्टचे झाले. अधिक दाबाची मोठी इंजिने फिरवणे आणि वाढती विद्युत उपकरणे चालवणे ६ व्होल्टना जड जाऊ लागले होते.

(७) हिशेब पाहा. ३६ वॅटच्या दिव्याला ६ व्होल्टवर ६ अँपिअर लागतात, १२ व्होल्टवर ३. गंजलेल्या सांध्याचा रोध ०.१ ओहम धरला, तर पहिल्या गाडीत ०.६ व्होल्ट, म्हणजे १० टक्के वाया जातात, दुसरीत ०.३ व्होल्ट, म्हणजे केवळ २.५ टक्के. गंज तोच, पण जुन्या गाडीला त्याचा दंड चौपट.

(८) आणखी एक भेद. १९५५पर्यंत फोर्डमध्ये बॅटरीचे धन टोक चासीला जोडलेले असे, १९५६पासून ऋण. हे न पाहता आजचा रेडिओ किंवा अल्टरनेटर जोडला, तर तो जळू शकतो. म्हणून दुरुस्तीतला पहिला प्रश्न: गाडी कोणत्या सालची? आणि दुसरा: मधल्या काळात कुणी तिच्यात बदल केला आहे का?

(९) बिघडलेल्या अर्थची एक खूण विलक्षण आहे. इंडिकेटर लावला की त्याच बल्बमधला टेललाइटही लुकलुकतो. नेहमीची वाट बंद झाल्याने वीज शेजारच्या फिलामेंटमधून आडवाटेने परतू पाहते. स्विच बदलून हा दोष जात नाही.

(१०) तपास सोपा आहे. दिवा चालू ठेवावा. मल्टिमीटर डीसी व्होल्टवर लावून एक टोक बॅटरीच्या चासीकडील खांबाला, दुसरे दिव्याच्या धातूच्या घराला टेकवावे. आकडा शून्याजवळ हवा. अर्धा व्होल्ट दिसला, तर एकेक सांधा पुढे सरकत तपासावा; आकडा जिथे एकदम बदलेल, तिथे दोष. बॅटरी सोडवून तो सांधा उघडावा, धातू चमकेपर्यंत घासावा आणि पुन्हा घट्ट कसावा.

(११) फ्यूज वारंवार उडत असेल, तर मात्र दोष निराळा: कुठेतरी तारेचे आवरण झिजून ती लोखंडाला टेकली आहे. तिथे जाड फ्यूज किंवा चांदीचा कागद घालणे म्हणजे आगीला आमंत्रण. अनेक जुन्या गाड्यांच्या तारांवर रबर आणि सुती वेष्टन असे. वयानुसार ते ठिसूळ होऊन गळून पडते.

(१२) पुष्कळदा एवढ्याशा दोषापायी सगळी मूळ वायरिंग उपटून फेकली जाते. तिच्याबरोबर तारांचे रंग, सांध्यांची पद्धत, मधल्या मालकांनी केलेल्या दुरुस्त्या, हा सारा पुरावाही जातो. वायरिंगचा नकाशा कारखान्याचा हेतू सांगतो. गाडीचे प्रत्यक्ष आयुष्य तारांत असते. म्हणून आधी मोजावे, मग घासावे, आणि कापण्याचा विचार अगदी शेवटी करावा.