एंकेचे अडीच तास

अंधेरीहून बोरिवलीची लोकल दोन मिनिटं लवकर आली, तर आपण कारण विचारत नाही, चढतो. संशोधनात मात्र ते विचारावंच लागतं.

१७८६, १७९५, १८०५ आणि १८१८ साली दिसलेला धूमकेतू एकच आहे, हे योहान एंकेने १८१९ मध्ये गणिताने दाखवलं. सूर्याभोवतीची त्याची फेरी फक्त ३.३ वर्षांची. भाकिताप्रमाणे तो १८२२ मध्ये दिसलाही. पण ग्रहांची ओढ हिशोबात धरूनही, सुमारे २९ हजार तासांच्या फेरीत तो अडीच तास लवकर यायचा!

एंकेचा तर्क असा: अवकाशात विरळ माध्यम असावं, त्याच्या विरोधाने कक्षा आक्रसत जाते. पटण्यासारखं होतं. पण काही धूमकेतू चक्क उशिरा येताना आढळले. त्यांचं काय?

१९५० मध्ये फ्रेड व्हिपलने उलगडा केला. धूमकेतूचा गाभा बर्फ-धुळीचा. उन्हाने त्यातून वायूचे झोत सुटतात आणि रॉकेटसारखा धक्का बसतो. गाभा स्वतःभोवती कसा फिरतो, त्यावर फेरी लवकर संपणार की उशिरा, हे ठरतं.

एंकेचं स्पष्टीकरण चुकलं, पण त्याने नोंदवलेला फरक खरा होता. तेव्हा तुमच्या आकडेमोडीत असा फरक उरला, तर तो आधी नीट लिहून ठेवा. कारण मागाहून सापडेल, कदाचित दुसऱ्याच कुणाला.