घरातली मांजर आणि दारातला कुत्रा : माया लावायची कशी?

मुस्लिम घरात मांजर ही काही नवी गोष्ट नाही. मोहल्ल्यात दर चार घरांमागे एखादं मांजर दस्तरखानाच्या आसपास घुटमळताना दिसतंच. कुत्र्याचं मात्र वेगळं. त्याचं नाव काढलं की घरातले मोठे लगेच "नापाक आहे, लांब हो" म्हणतात आणि पोरं दगड उचलतात. आम्ही शाळेत शिकवतो, त्यामुळे हे रोज बघतो. नापाकीचा मसला आणि जनावराला त्रास देण्याची मुभा या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत, आणि मुलांच्या मनात नेमक्या त्याच एक होऊन बसतात. म्हणून दीन काय सांगतो आणि जनावरांचे डॉक्टर काय सांगतात, दोन्ही इथे एकत्र मांडतो आहोत.

मांजराबद्दल

हजरत अबू कतादा (रजि.) वुजू करायला बसले होते. त्यांच्या सून कबशा यांनी भांड्यात पाणी ओतून दिलं. तेवढ्यात मांजर आलं, तर हजरतांनी भांडं तिरकं करून त्याला पाणी पिऊ दिलं. सूनबाई बघतच राहिल्या. तेव्हा त्यांनी सांगितलं की मांजर नापाक नाही, ते तुमच्यात सतत ये-जा करणाऱ्यांपैकी आहे असं अल्लाहच्या प्रेषितांनी (स.) सांगितलं आहे. मुवत्ता, अबू दाऊद, तिरमिजी अशा किताबांत ही हदीस आहे. हजरत अबू हुरैरा (रजि.) यांना तर हे नावच लहान मांजरामुळे पडलं. ते बकऱ्या चारायला नेत तेव्हा मांजराचं पिल्लू सोबत असायचं.

हनफी उलेमा मांजराचं उष्टं पाणी, दुसरं पाणी हाताशी असताना वापरणं मकरूह तनजीही म्हणजे न वापरलेलं बरं असं मानतात. ते नापाक नाही. आपल्याकडे कोकणी मुसलमान शाफई आहेत, त्यांच्याकडे हे उष्टं सरळ पाक. उलट गळलेल्या केसांचा मसला शाफई मजहबात थोडा कडक आहे, पण कपड्यावर दोन-चार केस असतील तर ते माफ धरले जातात. जानमाजवर मांजर येऊन बसलं म्हणून नमाज मोडत नाही. मांजराचं मूत्र मात्र नापाक आहे, कपड्याला लागलं तर धुवावंच लागतं.

पैगंबरांनी (स.) झोपलेल्या मांजराला उठवायला नको म्हणून अंगरख्याची बाही कापली, ही गोष्ट व्हॉट्सअॅपवर दर काही महिन्यांनी फिरते. गोड आहे, पण हदीसच्या भरवशाच्या किताबांत ती मिळत नाही. मुलांना सांगायला खऱ्या हदिसा भरपूर आहेत. त्यातली एक तर अंगावर काटा आणणारी आहे. एका बाईने मांजराला कोंडून ठेवलं, खायला दिलं नाही, आणि जमिनीवरचे किडेमकोडे खायलाही सोडलं नाही. मांजर मेलं आणि ती बाई अजाबची हकदार ठरली. बुखारी आणि मुस्लिम दोन्हींत आहे.

आणि हो, काळं मांजर आडवं गेलं म्हणून तीन पावलं मागे येणारे आपल्यातही आहेत. इस्लाममध्ये अपशकुन नाही, एवढंच सांगतो.

मांजराशी जवळीक

मांजराला आपल्या मर्जीने जवळ यायला आवडतं. उचलून धरलं, दाबून बसवलं की ते नखं काढणार. पिल्लू 2 ते 7 आठवड्यांचं असतं तेव्हा माणसाचा हात, आवाज, वास त्याच्या ओळखीचा झाला पाहिजे. नंतरही माणसाळतं, पण फार सबुरी लागते. तरीही आईपासून ते निदान 8 आठवडे तोडू नये. बाजारातून महिन्याभराचं पिल्लू आणणं म्हणजे त्याच्यावर जुलूमच.

मुलांना एक युक्ती शिकवा. मांजराकडे टक लावून न बघता डोळे हळूच अर्धे मिटायचे, पुन्हा हळूच उघडायचे. ब्रिटनमधल्या ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 साली दाखवून दिलं की असं केल्यावर मांजरंही तसंच डोळे मिटून उत्तर देतात आणि पुढे केलेल्या हाताकडे जास्त येतात. हात पुढे करायचा तो वरून डोक्यावर नाही, नाकासमोर खाली. त्याने गाल घासला तर समजायचं, तुम्ही आता त्याच्या घरचे झालात. गालावरच्या ग्रंथींचा वास ते तुमच्यावर सोडत असतं. कुरवाळायचं गाल, हनुवटी आणि कानामागे. पोटावर नाही. शेपटी फटाफट आपटायला लागलं, कान मागे वळले, की हात काढून घ्यायचा. दिवसातून दोनदा दहा मिनिटं दोरीला कपड्याची चिंधी बांधून खेळवा. हे मटणाच्या तुकड्यापेक्षा जास्त माया लावतं.

खाण्यात आपल्या घरांत दोन चुका ठरलेल्या. एक म्हणजे दूध. मोठ्या मांजरांना बहुतेक वेळा दूध पचत नाही, जुलाब होतात, पाणी द्या. दुसरी म्हणजे उरलेली बिर्याणी, सालन. त्यातला कांदा-लसूण मांजराच्या आणि कुत्र्याच्या रक्ताला घातक असतो. बिनमसाल्याचं उकडलेलं चिकन किंवा मासा, काटे-हाडं काढून, हे बरं. शिजलेलं हाड फुटून आतड्यात घुसतं, म्हणून बकरी ईदला हाडं टाकताना विचार करा. घरच्या माणसांची तापाची पॅरासिटामॉलची गोळी मांजराला कधीच देऊ नका, एका गोळीनेही जीव जातो.

"मांजराचा केस पोटात गेला की दमा होतो" असं नानी-दादी सांगत. केस गिळल्याने दमा होत नाही. मांजराच्या लाळेत आणि कातडीत एक प्रथिन असतं, ज्यांना त्याची अॅलर्जी आहे त्यांना शिंका, धाप लागते. अशा घरात मांजर झोपायच्या खोलीबाहेर ठेवावं. गरोदर बाईने मांजराची विष्ठा काढू नये, कारण त्यातून टोक्सोप्लाझ्माचा संसर्ग होऊ शकतो. घरातल्या दुसऱ्या कोणी रोजच्या रोज काढली तर धोका फार कमी होतो, कारण ते जंतू संसर्गाजोगे व्हायला निदान एक दिवस लागतो. मांजर घराबाहेर सोडायची मात्र गरज नाही, आणि नव्या सुनेला दिवस गेले की बिचाऱ्या मांजराला पोत्यात घालून लांब सोडून येणारी घरं आम्ही बघितली आहेत. पाळलेलं जनावर उपाशी मरेल अशा ठिकाणी टाकून देणं हा 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हाही आहे.

कुत्र्याबद्दल

शिकार, गुरंढोरं किंवा शेतीची राखण यासाठी कुत्रा ठेवायला हदीसने मुभा दिली आहे. विनाकारण पाळणाऱ्याच्या नेकीतून रोज घट होते असं त्याच हदिसांत आलं आहे, आणि कुत्रा असलेल्या घरात रहमतचे फरिश्ते येत नाहीत, असंही. घराच्या राखणीसाठी ठेवलेला कुत्राही या मुभेत धरणारे बरेच उलेमा आहेत, मात्र तो घराबाहेर, अंगणात.

नापाकी कशाची, यावर मजहब वेगळे आहेत. शाफई मजहबात पूर्ण कुत्राच नापाक. ओला स्पर्श झाला किंवा भांड्याला तोंड लागलं तर सात वेळा धुवायचं, त्यात एकदा माती लावून. हनफी मजहबात लाळ नापाक आहे, पण कोरडं अंग कपड्याला घासलं तर कपडा नापाक होत नाही, आणि भांडं तीनदा धुतलं तरी पुरतं. मालिकी तर कुत्र्याला पाकच मानतात. म्हणजे रस्त्यावरचा कुत्रा नुसता बाजूने गेला म्हणून किंचाळायचं कारण कुठल्याच मजहबात नाही.

आता दुसरी बाजू. सूरह कहफमध्ये गुहेतल्या तरुणांसोबत त्यांचा कुत्रा उंबरठ्यावर पुढचे पाय पसरून बसलेला आहे, त्याची नोंद कुरआनमध्ये कायमची झाली. तहानेने जीभ काढून ओली माती चाटणाऱ्या कुत्र्यासाठी एक माणूस विहिरीत उतरला, चामडी मोज्यात पाणी भरलं, मोजा दातांत धरून वर आला आणि त्याला पाजलं. अल्लाहने त्याला माफ केलं. प्रत्येक जिवंत जिवाशी केलेल्या भलाईत सवाब आहे, असं याच प्रसंगी सांगितलं गेलं.

मग मुलाने "अब्बू, कुत्रा पाळू या" म्हटलं तर? आमचं मत सांगतो. फ्लॅटमध्ये, नमाजच्या घरात आणू नका. पण मुलाला नुसतं "नाही" म्हणून झिडकारूही नका. गल्लीतल्या कुत्र्याशी नातं जोडायला त्याला घरात आणावं लागत नाही. उन्हाळ्यात गेटजवळ मातीच्या भांड्यात पाणी भरायचं काम त्या मुलाकडे द्या. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी, शेजाऱ्यांच्या दारापासून लांब पोळी किंवा भात ठेवायचा. आठवड्याभरात कुत्रा त्याला ओळखायला लागतो, शेपूट हलवतो. ज्याच्या कानाच्या टोकाला खाच आहे त्याची नसबंदी झालेली असते आणि साधारणपणे त्यावेळी रेबीजची लसही दिलेली असते. खाताना, झोपलेला असताना किंवा पिल्लांजवळ असताना कुत्रीच्या जवळ जायचं नाही. अंगावर आला तर पळायचं नाही, हात अंगाशी धरून झाडासारखं उभं राहायचं.

चावलं किंवा ओरखडलं, कुत्रा असो की मांजर, घरचं असो की बाहेरचं, जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने 15 मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मार पडेल म्हणून मुलं लपवतात, हे सगळ्यात धोक्याचं. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर इलाज नाही. लस त्याच दिवशी सुरू करायची. दंडाच्या कातडीत देतात तिचे दिवस 0, 3, 7 आणि 28 असतात. सरकारी दवाखान्यात ती मोफत मिळते. रमजान असला तरी लस पुढे ढकलू नका, इंजेक्शनने रोजा तुटत नाही असंच बहुतेक उलेमा सांगतात.

लस, नसबंदी आणि गावची सुट्टी

पाळीव मांजराला साधारण 8 आठवड्यांपासून लस सुरू होते, रेबीजची तिसऱ्या महिन्यात, मग दर वर्षी. मांजरी चार-पाच महिन्यांची असतानाच गाभण राहू शकते आणि दोन महिन्यांत पिल्लं देते, म्हणून डॉक्टर पाचव्या-सहाव्या महिन्यात नसबंदी सुचवतात. हनफी उलेमांनी फायद्यासाठी जनावराची नसबंदी जायज धरली आहे. शाफई मजहबात जुनं मत कडक आहे, तेव्हा कोकणातल्या घरांनी आपल्या आलिमांना विचारून घ्यावं.

मे महिन्यात सगळे गावी जातात, आणि मांजर बंद घरात नाहीतर जिन्यात राहतं. वर सांगितलेली कोंडलेल्या मांजराची हदीस इथे आठवा. शेजारच्या खालाकडे किल्ली द्या, दोन भांड्यांत पाणी ठेवायला सांगा, खाण्याचं माप लिहून चिकटवा आणि मांजराच्या डॉक्टरांचा नंबर फ्रीजवर लावून जा.