हवस ते हौशी

शिमग्याच्या दिवसांत रत्नागिरीजवळच्या हातखंब्याच्या आसपासच्या वाड्यांत नमनाचा लोकनाट्याचा खेळ उभा राहतो तेव्हा गण आटोपला की गवळण येते. कागदावर 'गवळण', तोंडात मात्र 'गौळण'. 'अव'चा 'औ' करून टाकण्याची ही मराठी जिभेची जुनी खोड. नमनात रात्रभर नाचणाऱ्या, मृदंग घुमवणाऱ्या आणि सकाळी पुन्हा आपापल्या कामाला जाणाऱ्या माणसांना इंग्रजीत 'अ‍ॅमॅच्युअर' म्हणतील, मराठीत 'हौशी'. आणि या 'हौशी'चं कूळ शोधायला निघालं की पहिला धागा सापडतो तो त्या 'गौळणी'तच.

हौस मूळची अरबी. अरबीतला 'हवस' म्हणजे वेड, खूळ. 'महवूस' म्हणजे झपाटलेला माणूस. फारसीत हे वेड जरा निवळलं आणि त्याची इच्छा, लालसा झाली. उर्दू-हिंदीत शब्द उतरला तो थेट वासनेच्या अंगाने; 'हवस' नावाचा हिंदी सिनेमा लागला तर कोणी लेकरांना घेऊन जाणार नाही. तोच शब्द मराठीत आला आणि सोवळा झाला. डोहाळजेवण हौसेने होतं, नातवाचं बारसं हौसेने होतं, 'हौसेला मोल नाही' म्हणत माणसं ऐपतीबाहेर खर्च करतात. पश्चिम महाराष्ट्रात तर हौसा हे मुलीचं नाव आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांची कन्या, स्वातंत्र्यलढ्यात स्वतः उतरलेल्या हौसाताई पाटील हे त्यातलं सर्वांत उजळ नाव. अरबांचं खूळ कृष्णाकाठी येऊन लेकीचं लाडकं नाव झालं. शब्दाची एवढी चढती कमान क्वचितच दिसते.

हे कूळ सगळ्यांना रुचत नाही. हौस म्हणजे आनंद, म्हणून ती संस्कृत 'हर्षा'चीच लेक, असं सहज मनात येतं. पण 'हर्षा'ची मराठी पाती आधीच ठरलेली आहे: 'हरिख'. त्यात 'र' शाबूत आहे. हौसेत तो कुठे गेला, याचं उत्तर हर्षवाद्यांना द्यावं लागेल. दुसरा दावा 'हाव' आणि 'हवं' यांचा. अर्थ शेजारचाच, शिवाय देशी. पण मग शेवटचा 'स' कुठून आला? 'हवस' मानला की सगळा हिशेब जुळतो. गवळणीची गौळण, तशी हवसची हौस; एक अक्षर उरत नाही की कमी पडत नाही.

शब्द आला कोणत्या वाटेने? बहमनी-आदिलशाही दरबाराची फारसी, हे नेहमीचं उत्तर, आणि ते बरोबरच आहे, पण अर्धंच. 'अर्ज', 'वसूल', 'जमीन' हे कागदावरून आलेले शब्द. कारकुनाच्या लेखणीने त्यांचा आकार जपला. हौस मात्र कचेरीतला शब्द नव्हे. ती बाजारातून, लष्कराच्या तळावरून, गाण्या-बजावण्यातून तोंडोतोंडी आली असणार. म्हणूनच ती इतकी मऊ पडली, आणि म्हणूनच शाहिरांच्या लावणीत घरच्यासारखी वावरली.

इंग्रजी शब्दाची वाट नेमकी उलटी. लॅटिनमध्ये 'आमारे' म्हणजे प्रेम करणं, 'आमातोर' म्हणजे प्रेमी. त्यावरून फ्रेंच 'आमातर'. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्रजीत शिरताना या शब्दाचा अर्थ रसिक, एखाद्या कलेचा प्रेमी असाच होता. मग तो 'पैसे न घेणारा' झाला, आणि शेवटी 'कच्चा'. क्रिकेटने तर त्यावर जातिभेद उभारला. १८०६पासून 'जंटलमेन' म्हणजे बिनपगारी विरुद्ध 'प्लेअर्स' म्हणजे पगारी असे सामने होत. धावफलकावर बिनपगारी खेळाडूची आद्याक्षरं आडनावाच्या आधी छापत, पगारी खेळाडूची नंतर. १९५०मध्ये लॉर्ड्‌सवर फ्रेड टिटमस या पगारी खेळाडूची आद्याक्षरं चुकून पुढे छापली गेली, तर ध्वनिक्षेपकावरून दुरुस्ती जाहीर करण्यात आली. हा भेद मोडला १९६२च्या अखेरीस.

म्हणजे एक शब्द वेडापासून निघून मायेपर्यंत चढला, दुसरा प्रेमापासून निघून कच्चेपणापर्यंत उतरला. आणि मराठी माणसाला भाषांतर करायची वेळ आली तेव्हा या दोघांची गाठ पडली. ही जोडी कोणी कोशात बसून लावली असती तर 'अवैतनिक' किंवा 'अव्यावसायिक' असं काही हाती आलं असतं. 'हौशी'त पैशाचा उल्लेखच नाही. त्यात माणसाच्या मनाची ओढ आहे, म्हणजे लॅटिन मुळाचाच अर्थ. इंग्रजीने वाटेत जे हरवलं ते मराठीत परत मिळालं. 'हौसे-नवसे-गवसे' या जत्रेतल्या बोलात थोडी नाक मुरडण्याची छटा आहे, हे खरं. तरीही इंग्रजीत 'प्रोफेशनल' ही शाबासकी असते आणि मराठीत 'धंदेवाईक' ही निंदा. तराजूची पारडी अशी उलटी आहेत.

'हौशी' शब्दावर सरकारी शिक्का बसला तो नाटकामुळे. १९५४मध्ये सुरू झालेली राज्य नाट्यस्पर्धा आजही 'हौशी' हे विशेषण मिरवते. सांस्कृतिक कार्य संचालनालय ती घेतं आणि रत्नागिरी हे तिचं एक केंद्र. या स्पर्धेने काय दिलं, त्याचा एकच दाखला पुरे: १९६७ साली 'रंगायन'ने स्पर्धेत उतरवलेलं विजय तेंडुलकरांचं 'शांतता! कोर्ट चालू आहे'. त्यात मुंबईची एक हौशी मंडळी खेड्यात प्रयोगाला जाते आणि रिकामा वेळ घालवायला लुटुपुटीचा खटला उभा करते. हौशी संस्थेने, हौशी स्पर्धेसाठी केलेलं हौशी मंडळींवरचं नाटक. आणि त्या फावल्या वेळच्या खेळातून खटल्यात आरोपी ठरवलेल्या बेणारे बाईंभोवती आवळत जाणारा फास पाहिला की 'हवस'मधलं जुनं, झपाटलेलं वेड पुन्हा डोकं वर काढताना दिसतं.

रत्नागिरीचं नाट्यगृह हातखंबा तिठ्यापासून फार लांब नाही. स्पर्धेच्या प्रवेशिकेवर 'हौशी' छापलेलं असतं. नमनवाले मात्र स्वतःला हौशी म्हणवत नाहीत. त्यांचा स्वतःसाठीचा शब्द याहून जुना आणि निखळ देशी आहे: खेळे.