१५३४ : वसई आणि युरोपचे धर्मराजकारण

‘वसईचा तह’ म्हटले की मराठी वाचकाला ३१ डिसेंबर १८०२ आणि दुसरा बाजीराव आठवतो. त्याच गावाच्या नावाचा एक जुना तह २३ डिसेंबर १५३४ रोजी गुजरातचा सुलतान बहादुरशाह आणि पोर्तुगीज गव्हर्नर नुनो द कुन्हा यांच्यात झाला. हुमायूनच्या भयाने कोंडीत सापडलेल्या बहादुरशाहाने वसई आणि तिच्याखालील मुलूख, साष्टी व मुंबईच्या बेटांसह, पोर्तुगालचा राजा तिसरा जुआंव याला देऊन टाकला. आपल्या इतिहासलेखनात हा तह १७३९ च्या चिमाजी आप्पांच्या विजयाची प्रस्तावना एवढ्यापुरताच येतो. वाङ्मयेतिहासात तर तो येतच नाही, आणि उत्तर कोकणातील ख्रिस्ती मराठी रचनेचा विचार त्यामुळे अपुरा राहतो.

१५३४ हे साल युरोपातही साधे नव्हते. त्या ऑगस्टमध्ये पॅरिसच्या मोंमार्त्र टेकडीवर इग्नेशियस लोयोला आणि त्याच्या सहा सोबत्यांनी व्रत घेतले. पुढे उभ्या राहिलेल्या जेझुइट संघाचे ते बीज. त्याच वर्षी मार्टिन ल्यूथरचे संपूर्ण जर्मन बायबल छापून निघाले. नोव्हेंबरात इंग्लंडच्या पार्लमेंटने आठव्या हेन्रीला तेथील चर्चचा सर्वोच्च प्रमुख ठरविले, आणि त्याच महिन्यात नुकतेच पोपपदावर आलेल्या तिसऱ्या पॉलने गोव्यास स्वतंत्र धर्मप्रांताचा दर्जा दिला. या घटनांत कार्यकारणाची साखळी शोधणे व्यर्थ होय. त्यांच्या तळाशी असलेले दोन प्रश्न मात्र समान आहेत : धर्मसंस्थेवर हुकूम कोणाचा, आणि धर्मग्रंथ कोणत्या भाषेत बोलणार? वसईला या दोन्ही प्रश्नांची उत्तरे तहाबरोबरच, न विचारता, मिळाली.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर होते ‘पाद्रुआदो’, म्हणजे राजाचे धर्मपालकत्व. पंधराव्या शतकापासून, विशेषतः पाचव्या निकोलसच्या १४५५ च्या फर्मानापासून, पोपांनी पोर्तुगीज राजांना नव्याने गवसलेल्या प्रदेशांतील चर्चचे अधिकार टप्प्याटप्प्याने बहाल केले होते. बिशपांची नावे राजाने सुचवायची, मिशनऱ्यांना राजाच्या गलबतांतून पाठवायचे, मठ-मंदिरांचा खर्च राजाच्या खजिन्यातून करायचा. हेन्रीने रोमशी भांडून जे मिळविले त्यातील बराचसा व्यावहारिक भाग जुआंवला रोमच्याच कृपेने मिळाला होता, हा विरोधाभास आपल्याकडे फारसा कोणी टिपलेला नाही. वसईतील धर्मांतराचे खापर मराठी लेखनात सरसकट ‘पोपच्या’ माथी मारले जाते. प्रत्यक्षात जमाखर्च लिस्बनच्या राजाचा होता. फ्रान्सिस्कन साधू आंतोनियु दु पोर्तु याने या मुलखात देवळे पाडली, मंडपेश्वरच्या शैव लेण्यात चर्च उभे केले, ते याच व्यवस्थेच्या बळावर. तिच्यातील जुलमाचे समर्थन होऊ शकत नाही. पण तो जुलूम कोणत्या संस्थेने केला हे नेमके सांगणे, हे समीक्षेचे काम आहे.

या व्यवस्थेच्या भेगा एका वसईकराच्या आयुष्यातून दिसतात. गोन्सालो गार्सिया पोर्तुगीज पिता आणि स्थानिक माता यांच्या पोटी वसईत जन्मला. जेझुइटांबरोबर तो जपानला गेला, पण त्यांच्या संघात त्याला प्रवेश मिळाला नाही. स्पॅनिश मनिलात जाऊन तो फ्रान्सिस्कन झाला. १५८० पासून स्पेनचा दुसरा फिलिप पोर्तुगालचाही राजा होता, म्हणजे कागदोपत्री वसई आणि मनिला एकाच छत्राखाली होती. तरीही जपानवर हक्क पोर्तुगीज पाद्रुआदोचा की स्पेनचा, हा तंटा मिटला नव्हता. हिदेयोशीपुढे दुभाषा म्हणून उभा राहिलेला हा गृहस्थ ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत क्रुसावर मारला गेला. १८६२ मध्ये नवव्या पायसने त्याला संतपद दिले.

दुसरा प्रश्न भाषेचा, आणि वाङ्मयाच्या अभ्यासकाला अधिक जवळचा. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५४६ मध्ये लॅटिन व्हल्गेट ही बायबलची अधिकृत संहिता ठरविली. १५६४ च्या निषिद्ध ग्रंथांच्या नियमावलीने देशभाषेतील बायबलचे वाचन धर्माधिकाऱ्याच्या परवानगीवर सोपविले. गोमंतकातील साष्टीत (ही वसईजवळची साष्टी नव्हे, घोटाळा नेहमीचा आहे) फादर थॉमस स्टीफन्स याने ‘ख्रिस्तपुराण’ रचले ते या चौकटीत. १६१६ मध्ये छापलेल्या या ग्रंथाने ओवी आणि पुराण का स्वीकारले, याचे ठरीव उत्तर ‘लोकरुचीशी जुळवून घेण्यासाठी’ असे दिले जाते. ते अर्धेच आहे. जुनी पुराणे हिरावली गेल्यावर नवख्रिस्ती ब्राह्मण नवे पुराण मागतो, हा ग्रंथातील प्रसंग त्या अर्ध्याला आधार देतो. उरलेला अर्धा ट्रेंटमध्ये आहे. भाषांतराची वाट अशी अडलेली असताना पुराणाने कथनाची वाट दिली. शब्दाला शब्द न देता आदिपासून ख्रिस्तापर्यंतची सारी कथा सांगता आली. शिवाय स्टीफन्स हा एलिझाबेथच्या इंग्लंडमधून बाहेर पडलेला कॅथॉलिक. देशभाषेतील बायबल हे त्याच्या मायदेशी विरोधी पंथाचे निशाण होते. त्याच्या हातून बायबलचे मराठी भाषांतर होणे अवघडच होते, असे अनुमान करण्यास हरकत नाही.

उत्तर कोकणात याच वाटेने फ्रान्सिस्कन फ्रान्सिस्कु वाझ द गिमारायश याचे पुराण आले. १६५९ मध्ये छापलेली ही रोमन लिपीतील रचना या किनाऱ्यावरच्या बोलीशी जवळीक राखते. ‘ख्रिस्तपुराणा’च्या भाषेची चिकित्सा पुष्कळ झाली, तिच्यात एकनाथांच्या परंपरेचे वळण ओळखू येते, म्हणून ती प्रतिष्ठित ठरली. गिमारायशच्या वाट्याला ते भाग्य आले नाही. बोलीला ग्रंथात स्थान नाकारणारी आपली दृष्टी आणि लॅटिनपुढे देशभाषेला दुय्यम मानणारी ट्रेंटची दृष्टी यांत अंतर फार नाही, हे कबूल करणे अवघड जाते.

देशभाषेवरचे ते सावट कॅथॉलिक जगातून पुरते दूर झाले ते १९६२ ते १९६५ च्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर. पुढे ‘सुबोध बायबल’ मराठीत आणले ते विरारजवळच्या नंदाखालमध्ये जन्मलेल्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो या कॅथॉलिक धर्मगुरूंनी.