पिठाचं हॉटेल

सोल शहरात महिनाअखेरीला खिसा हलका झाला की पाय आपोआप 'बुन्सिक'कडे वळतात. बुन्सिक म्हणजे आपली टपरी आणि उडप्याचं हॉटेल यांच्या मधलं काहीतरी. चार टेबलं, भिंतीवर मेनू. तिखट लाल रश्शातली तोकबोक्की, वाफाळतं रामयॉन, गिम्बापची गुंडाळी. शाळकरी पोरं, टॅक्सीवाले आणि प्रोजेक्टवर आलेले माझ्यासारखे, सगळे तिथे शेजारी शेजारी.

मला गंमत वाटली ती नावाची. 'बुन' म्हणजे पीठ, 'सिक' म्हणजे अन्न. भातावर जगणाऱ्या देशात स्वस्त हॉटेलाला 'पिठाचं अन्न' का म्हणावं?

तर मंडळी, १९५३ मध्ये कोरियन युद्ध थांबलं तेव्हा दक्षिण कोरियात अन्नाची टंचाई होती. १९५० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेच्या पीएल-४८० कायद्याखाली गहू यायला लागला. तांदूळ मात्र पुरत नव्हता. मग पार्क चुंग-ही सरकारने लोकांची सवयच बदलायला घेतली. शाळेत मास्तर डबे उघडून बघायचे, भातात बार्ली मिसळली आहे ना! १९६९ पासून बुधवारी आणि शनिवारी सकाळी ११ ते संध्याकाळी ५ हॉटेलात भात विकायला बंदी. असला फतवा कोकणात निघाला असता तर? :)

भात नाही तर गिऱ्हाईकाला द्यायचं काय? पीठ! कणकेचे तुकडे हाताने तोडून उकळत्या रश्शात सोडले की झाली सुजेबी, म्हणजे जवळजवळ आपली वरणफळं. सामयांग कंपनीने १९६३ मध्येच १० वॉनला रामयॉनचं पाकीट काढलं होतं. मूळची तांदळाची तोकबोक्की गव्हाच्या पिठाचीही व्हायला लागली.

पुढे 'तोंगइल' हे जास्त पिकणारं भाताचं वाण आलं आणि १९७७ मध्ये बंदी उठली. बुन्सिक मात्र राहिलं. आमच्या भाषेत सांगायचं तर तात्पुरता पॅच कायमचं फीचर झाला.

पीएल-४८०चा गहू आपणही खाल्लाय. १९७२ च्या दुष्काळात रेशनवर लाल मिलो ज्वारी आली, तिच्या भाकरीची आठवण जुनी माणसं तोंड वाकडं करूनच काढतात. मग तिकडे पिठाचे लाड का? मला वाटतं, मिलो नाइलाजाने घरात आली आणि पाऊस पडल्यावर गेली. कोरियातलं पीठ शाळेच्या गेटबाहेर पोचलं, तिखट-गोड झालं, पोरांच्या खाऊच्या पैशात बसलं. सक्तीने पोट भरतं, आवड लागते ती अशी.

आता बघा, १९७० मध्ये तिथे माणशी वर्षाला सुमारे १३६ किलो तांदूळ लागायचा. २०२३ मध्ये तो ५६ किलोवर आला. आणि सरकार म्हणतंय, जरा तांदळाचं पीठ वापरा.

ज्यांचे डबे तेव्हा तपासले गेले, ते आता आजी-आजोबा झालेत. त्यांना हे ऐकून काय वाटत असेल?