पडदा बदलतो, प्रवेश चालू राहतो

'पडदा' हा शब्द कोल्हापुरात उच्चारला की जुन्या माणसाच्या डोळ्यांपुढे आधी नाटकाचा पडदा उभा राहतो, मग सिनेमाचा. आजच्या मुलांना विचाराल तर ती संगणकाचा नाही तर मोबाईलचा पडदा म्हणतील. शब्द एकच, पण पिढ्या तीन. आज मला या तिसऱ्या पडद्याची हकीकत सांगायची आहे. वाट मात्र पहिल्या पडद्यावरून काढतो, कारण ती आपल्या पायाखालची आहे.

राजर्षी शाहू महाराजांनी 1915 साली खासबागेशेजारी पॅलेस थिएटर उभे केले. 1957 साली त्याला केशवराव भोसल्यांचे नाव मिळाले. 8 ऑगस्ट 2024 च्या रात्री हेच नाट्यगृह आगीच्या भक्ष्यस्थानी पडले, आणि घरातले कोणी गेल्यासारखे गाव हळहळले. ज्या काळात हे थिएटर बांधले गेले, त्याच काळात याच गावचे आनंदराव आणि बाबूराव हे पेंटर बंधू नाटक मंडळ्यांचे पडदे रंगवीत होते. आनंदराव 1916 साली गेले. बाबूरावांनी पुढे महाराष्ट्र फिल्म कंपनी काढली आणि 1920 साली 'सैरंध्री' रुपेरी पडद्यावर आणला.

त्या रंगवलेल्या पडद्यांची एक युक्ती होती. राजवाडा, रस्ता, बाग, अरण्य असे पडदे दांड्यावर गुंडाळून वर टांगलेले असत. राजवाड्याचा प्रवेश संपला की रस्त्याचा पडदा खाली येई. त्याच्यापुढे दोन पात्रे बोलत, कधी विनोद करीत. आणि तेवढ्या वेळात पडद्यामागे पुढच्या प्रवेशाची मांडामांड चाललेली असे. प्रेक्षकाला दिसे एकच जागा, परंतु रंगमंचावर दोन जागा एकाच वेळी नांदत असत. एवढी गोष्ट ध्यानात ठेवा, म्हणजे पुढचे सगळे सोपे जाईल.

आता संगणकाकडे वळू. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत 1960 साली आपल्याच लोकांनी बांधलेला 'टिफ्रॅक' संगणक चालू झाला, आणि 1964 साली तिथे 'सीडीसी 3600' नावाचे मोठे अमेरिकन यंत्र आले. अशा यंत्रापुढे तुम्ही आम्ही जाऊन बसायचे नसते. भोके पाडलेल्या कार्डांचा गठ्ठा खिडकीवर द्यायचा, आपला नंबर लागेपर्यंत थांबायचे आणि मग छापील उत्तर घेऊन जायचे. चूक निघाली तर पुन्हा रांग! गिरणीत दळण टाकून यावे, तसाच हा प्रकार. एकाचे दळण संपल्याशिवाय दुसऱ्याचे जात्यात पडत नसे.

ही रांग मोडण्याची खटपट अमेरिकेत आधीच सुरू झाली होती. मॅसॅच्युसेट्सच्या एमआयटी या संस्थेत फर्नांडो कॉर्बाटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नोव्हेंबर 1961 मध्ये वेळ वाटून घेणारी प्रणाली करून दाखवली. तिचे मर्म साधे आहे. माणूस एक अक्षर टाइप करून दुसरे टाइप करीपर्यंत यंत्र हजारो गणिते उरकते. मग त्याला रिकामे का बसवायचे? क्षणभर एकाचे काम करायचे, ते होते तसे बाजूला ठेवायचे, क्षणभर दुसऱ्याचे करायचे, मग तिसऱ्याचे. आणि फिरून पहिल्याकडे. हे इतक्या झपाट्याने होते की प्रत्येकाला वाटते, यंत्र आपले एकट्याचे आहे.

पण एका घरात चार चुली मांडल्या की प्रत्येकाच्या फडताळाला कुलूप लागतेच. इथेही तेच झाले. प्रत्येकाच्या कागदपत्रांसाठी वेगळे खाते आले, आणि खात्यासाठी परवलीचा शब्द. माणसाचा स्वभाव पाहा! 1962 साली अ‍ॅलन शेर नावाच्या संशोधकाला आठवड्याला मिळणारे चार तास पुरेनात. त्याने यंत्राकडूनच सगळ्यांच्या परवलीच्या शब्दांची यादी छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केले. 1966 साली तर यंत्रातच घोटाळा झाला. रोजच्या सूचनेच्या जागी परवलीच्या शब्दांची यादी गेली, आणि जो जो कामाला बसेल त्याला ती दिसू लागली. सारांश, कुलूप आणि त्या कुलपाची फजिती ही दोन्ही एकाच दशकातली.

पुढे यंत्रे लहान झाली, स्वस्त झाली, टेबलावर आली. 1981 साली आयबीएमचा 'पर्सनल' संगणक निघाला. नावाप्रमाणे तो एकट्याचा. खाते नाही, कुलूप नाही. बटण दाबील तो मालक. 1995 सालच्या विंडोजमध्ये नाव विचारणारी चौकट येई खरी, परंतु ती रद्द केली तरी यंत्र मुकाट्याने आत घेई. दारावर पाटी, पण दाराला कडी नाही!

आता तुम्ही म्हणाल, वैयक्तिक यंत्राला कडी हवी कशाला? अहो, ते वैयक्तिक त्यांच्याकडे. आपल्याकडे एका संगणकाला घर सगळे. समजा, राजारामपुरीतलं एक घर आहे. थोरली लेक कॉलेजचा निबंध टाइप करते आहे. तेवढ्यात वडील दुकानातून येतात. "बाळ, ऊठ की जरा, बिलं काढायची आहेत." ती म्हणते, "दादा, दहा मिनिटं थांबा ना, सगळं बंद करावं लागंल." बंद करण्याच्या घाईत अर्धे पान जतन करायचे राहते. पुन्हा उघडते तेव्हा ते पान गेलेले असते. आणि कधी बंद न करताच उठली, तर तिचं लिहिलेलं घरातला कुणीही वाचतो. यंत्राचा एवढासा दोष. पण त्यात एका मुलीचं अर्धं पान जातं, नाही तर तिची खासगी गोष्ट चव्हाट्यावर येते.

ही अडचण ओळखून 2001 साली विंडोज एक्सपीमध्ये 'वापरकर्ता बदला' ही सोय आली. त्याच वर्षी आपल्या राज्यात महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन स्थापन झाले. त्यांच्या एमएस-सीआयटी अभ्यासक्रमाने पुढे गावोगावची मुले संगणकापुढे बसवली. आता लेकीने काही बंद करायचे कारण उरले नाही. तिचा निबंध तिच्या खात्यात उघडाच राहतो, वडील आपल्या खात्यात जाऊन बिले काढतात, आणि ती परत आली की पान होते तिथेच सापडते. 2003 साली अ‍ॅपलच्या मॅकमध्ये हीच सोय आली. तिथे खाते बदलताना सगळा पडदा ठोकळ्यासारखा गर्रकन फिरे. मोबाईलच्या अँड्रॉइड प्रणालीत ही व्यवस्था 2012 साली टॅब्लेटवर आणि 2014 साली फोनवर आली. पाहुण्यासाठी वेगळे खातेही आले. काही कंपन्या आपल्या फोनमध्ये ती ठेवीत नाहीत, तेव्हा सेटिंगमध्ये पाहून घ्यावे.

दुसरी सोय निराळी आहे. माणूस एकच, पण कामे चार: एकीकडे हिशेब, दुसरीकडे पत्रव्यवहार, तिसरीकडे वाचन. सगळ्या खिडक्या एकाच पडद्यावर उघडल्या की हवी ती सापडत नाही. 1986 साली कॅलिफोर्नियात झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात ऑस्टिन हेंडरसन आणि स्टुअर्ट कार्ड यांनी यावर विचार केला. त्यांचे म्हणणे असे, की माणूस एका वेळी मोजक्याच खिडक्या वापरतो, आणि त्या एका कामाच्या असतात. मग प्रत्येक कामाला वेगळी खोली का देऊ नये? त्यांनी आपल्या प्रणालीचे नावच 'रूम्स' म्हणजे खोल्या ठेवले. नव्वदीच्या दशकात युनिक्स आणि लिनक्स वापरणाऱ्यांना असे अनेक डेस्कटॉप सवयीचे झाले. मॅकमध्ये ते 2007 साली आले. विंडोजमध्ये मूळ प्रणालीचाच भाग म्हणून यायला 2015 साल उजाडले. 2021 च्या विंडोज 11 मध्ये प्रत्येक डेस्कटॉपला वेगळे चित्र लावता येऊ लागले. हिशेबाला एक, वाचनाला दुसरे. म्हणजे पुन्हा राजवाडा आणि बाग!

आणि इथेच आपण फसतो, म्हणून जरा नीट लक्ष द्या. अनेक डेस्कटॉप म्हणजे नाटकाचे पडदे. एक गुंडाळला, दुसरा सोडला. मागे काम चालू, पुढे काम चालू. पण पडदा म्हणजे भिंत नव्हे. कुणीही पडद्यामागे डोकावू शकतो, कारण सगळे डेस्कटॉप एकाच माणसाच्या खात्यात असतात. खाते बदलणे ही गोष्ट वेगळी. नटाने आपली पेटी कुलूप लावून दुसऱ्याला रंगपट मोकळा करून द्यावा, तशी. सोयीसाठी पडदा, संरक्षणासाठी पेटी. पडदा ओढून पेटीचे काम होत नाही.

दोन सावधगिरीच्या गोष्टी आहेत. चार जणांची कामे उघडी ठेवली तर ती सगळी यंत्राची स्मृती व्यापतात, आणि यंत्र मंदावते. दुसरे असे, की शेवटी उठणाऱ्याने यंत्रच बंद केले तर इतरांचे न जतन केलेले काम जाईल. इतर लोक अजून आत आहेत, अशी सूचना विंडोज देते. ती न वाचता पुढे जाऊ नका. आपले पान जतन करूनच उठावे, हे सगळ्यात बरे.

हे सारे सांगायचे कारण एवढेच. अजूनही पुष्कळ घरांत एका यंत्रावर, एका मोबाईलवर तीन-चार माणसांचा संसार चालतो. आणि त्यात बहुधा कुणाचे खाते नसते? धाकट्याचे, लेकीचे, सुनेचे, म्हातारीचे. त्यांनी दुसऱ्याच्या नावावर बसायचे आणि हाक आली की उठायचे. वेगळ्या खात्याला पैसा लागत नाही, पाच मिनिटे लागतात. तेव्हा वाचकहो, आज संध्याकाळी घरच्या यंत्रावर किती नावे आहेत ती मोजा, आणि घरात माणसे किती आहेत तीही मोजा. दोन आकडे जुळत नसतील तर राहिलेल्या माणसाला शेजारी बसवा, त्याचे नाव त्याच्याच हाताने लिहू द्या, आणि तो परवलीचा शब्द टाइप करील तेव्हा मान दुसरीकडे वळवा.